देवराव मडावी, वाहक

देवराव मडावींनी एकदा स्वतःच्या बायकोला तिकीट मागितलं होतं. एसटीतल्या माणसाच्या घरच्यांना पास मिळतो, तो गिरजाबाई त्या दिवशी घरी विसरून आल्या होत्या. भर गाडीत त्या म्हणाल्या, "मी तुमची बायको होय ना." मडावी म्हणाले, "ते मले माहीत हाय. चेकरले माहीत हाय काय?" गिरजाबाईंनी मुकाट्यानं पदराची गाठ सोडली आणि हिंगणघाटपासून वर्ध्यापर्यंतचं पूर्ण तिकीट काढलं. ही गोष्ट मला खुद्द मडावींनीच सांगितली. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि मी हसले तेव्हा त्यांनी माझ्याकडेही संशयानं पाहिलं.

वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत आमची घरं लागून होती, मध्ये कमरेएवढी भिंत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते तिथे राहायला आले. उंच, सावळा, हडकुळा माणूस. खाकी गणवेश आणि छातीवर पितळी बिल्ला, त्यावर अक्षरं कोरलेली: वाहक. सुट्टीच्या दिवशीही समोरच्याकडे बघताना त्यांची नजर आधी त्याच्या हाताकडे जायची, मग तोंडाकडे. हातात तिकीट नसलं की ते अस्वस्थ होत असावेत.

संशय हा त्यांचा धंदा होता आणि छंदही होता. कॉलेजच्या मुलांच्या पासवरचा फोटो ते चेहऱ्याशेजारी धरून बघत, आणि मध्यंतरी एखाद्याला मिशी फुटली असेल तर त्याला ओठावर बोट आडवं धरायला लावत. दूधवाल्याच्या किटलीत बोट बुडवून ते बोट उन्हात धरत. माझे यजमान एकदा भिंतीपलीकडे बघून सहज म्हणाले, "उद्या पाऊस येतो बघा, मडावीभाऊ." मडावी म्हणाले, "तिकीट दाखवा." कोणीही काहीही सांगितलं की त्यावर त्यांचं हेच उत्तर. टीव्हीवर मंत्री बोलत असला तरी हे, आणि देवळातला महाराज बोलत असला तरी हेच.

घरात ते गोंडी बोलत, बाहेर आमच्यासारखंच वऱ्हाडी. भिंतीच्या अलीकडे मी दिसले आणि पलीकडे एकदम गोंडी सुरू झाली, की ही दोघं माझ्याबद्दलच बोलतायत अशी माझी खात्री होई. पुढे गिरजाबाईंनी सांगितलं की वांगी महाग झाली एवढंच चाललेलं असायचं. तरी माझा संशय काही पूर्ण गेला नाही. शेजाऱ्याचा गुण लागतोच.

त्यांचा माझ्यावरचा संशय मात्र साधार होता. मी वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होते. रक्त काढणारी माणसं मडावींच्या लेखी फुकट्या प्रवाशांच्याही खालची. पहिलं वर्षभर त्यांनी आमच्याकडचा चहासुद्धा घेतला नाही. मला वाटलं माणूस शिष्ट आहे. एका दुपारी अंगणात मुगवड्या घालताना गिरजाबाईंनी खरं कारण सांगितलं.

बोरगावात येण्याआधी त्यांना एक मुलगा होता, राजू. वर्षाचा व्हायच्या आतच त्याचे हातपाय सुजायला लागले. पुढे डोळे पिवळे व्हायचे, हाडं दुखायची, आणि दुखायला लागली की पोर रात्रंदिवस ओरडायचं. एका डॉक्टरनं सांगितलं वात आहे. दुसऱ्यानं सांगितलं कावीळ आहे. गावच्या जाणत्यानं सांगितलं, करणी आहे. तिघांनी तीन नावं सांगितली, तिघांनी आपापला उपाय केला, इंजेक्शनं दिली, धागे बांधले. शाळेत जायच्या वयात राजू गेला. "अन् तिघंबी एकदम खात्रीनं बोलत होते, ताई," गिरजाबाई म्हणाल्या. "ह्याइचं तवापासून असं झालं. कोणी खात्रीनं बोललं का म्हणतेत, हा विनातिकीट हाय."

मी त्यानंतर मडावींना शिष्ट म्हणणं सोडून दिलं. राजूनंतरची त्यांची मुलगी वंदना तेव्हा हायस्कुलात जात होती. हसरी, धीट, बापाच्या नकला करणारी. त्या पोरीला साधा ताप आला तरी मडावी ड्युटी बदलून घरी बसत.

त्याच सुमारास आमच्या दवाखान्यानं सिकलसेलच्या तपासणीची शिबिरं सुरू केली. आमच्या भागात हा आजार किती घरांत आहे ते तोवर कोणी नीट बघितलंच नव्हतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस दुखण्यानं लोळतो. हा दोष आईकडून आणि बापाकडून, असा दोन्हीकडून आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत जगतो, त्याला कळतही नाही. पण तशी दोन माणसं एकमेकांना मिळाली तर त्यांच्या मुलांना आजार होऊ शकतो. राजूची हकीकत ऐकल्यापासून माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. बोरगावच्या शाळेत शिबिर लागलं तेव्हा मी तिघांनाही बोलावलं.

मडावी आले ते गणवेशातच. टेबलाशेजारी उभे राहून गाडीत चढलेल्या चेकरसारखे एकेक गोष्ट बघू लागले.

"सुई नवी हाय?"

"नवी आहे."

"माह्यासमोर फोडा."

फोडली. मग म्हणाले, "ह्या शिश्या सगळ्या एकसारख्या दिसतेत. अदलाबदल नाई होत कायवरून?" मी म्हटलं, नावाची चिठ्ठी लावतो. त्यांनी वंदनाच्या शिशीची चिठ्ठी चिकटवायच्या आधी माझ्या हातातून घेतली, खिशातून तिकिटं टोचायचा पंच काढला आणि चिठ्ठीच्या कोपऱ्यात टिक करून भोक पाडलं. मग स्वतःच्या चिठ्ठीला, मग गिरजाबाईंच्या. "आता चुकाची नाई," म्हणाले. आमचे डॉक्टर बघत राहिले. मला आतून बरं वाटत होतं, कारण त्या गर्दीत खरंच एखादी शिशी इकडची तिकडे होऊ शकली असती.

पहिली चाचणी तिथल्या तिथे करायची होती. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा आणि नळीच्या मागे काळ्या रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर काही नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. वंदनाची नळी गढूळ झाली. मडावींनी ती माझ्याकडून घेतली आणि डोळ्यांसमोर धरली.

"दिसून राह्यल्या रेघा."

"कुठे दिसतात, मडावीभाऊ?"

"मले दिसून राह्यल्या ना."

मी नळी परत मागितली. त्यांनी ती बराच वेळ दिली नाही. मागे त्यांची मुलगी उभी होती आणि तिला आपल्या बापाची गंमत वाटत होती. दोष एकाकडून की दोघांकडून, ते या चाचणीत कळत नाही. त्यासाठी मोठ्या यंत्रावर पुन्हा तपासावं लागतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि तिघांचंही रक्त घेऊन गेले.

काही दिवसांनी कागद घरी पोचले आणि मडावी ते घेऊन भिंतीशी आले.

"ताई, तुमच्या दवाखान्यात क्लार्क कोण हाय?"

"का? काय झालं?"

"त्यानं आजाराच्या जागी माही नोकरी लिहून टाकली." त्यांनी कागद भिंतीवर पसरले. देवराव मडावी: वाहक. गिरजाबाई मडावी: वाहक. वंदना मडावी: वाहक. "मी समजू शकतो. मी हावोच कंडक्टर. पण गिरजीले काऊन केलं? पोट्टीले काऊन केलं? सारं घर एसटीत भरती करून टाकलं."

आता यात चूक आमचीच होती. कागदावर मराठी हवं म्हणून कोणीतरी शब्द शोधला, 'वाहक'. जो आजार वाहतो पण ज्याला आजार नाही, तो वाहक. शब्द बरोबरच होता. फक्त या जिल्ह्यातला लहान पोरगाही 'वाहक' हा शब्द एसटीच्या गाडीत वाचूनच शिकतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्यांना समजावलं. म्हटलं, तुम्ही जसं प्रवाशाला या गावाहून त्या गावाला नेता, तसा हा दोष तुमच्यातून पुढे जातो. तुम्हाला काही होत नाही, वंदनालाही काही होणार नाही. पण नवरा बघाल तो तपासून बघा. तोही वाहक निघाला तर दर बाळंतपणाला चारात एक धोका आहे.

मडावी ऐकत होते. त्यांचा हात छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला.

"म्हंजे तो माह्याच गाडीत बसला होता," ते म्हणाले, "अन् म्या त्याले तिकीट नाई मागितलं."

आणि मग ते मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला ते हसू आवडलं नाही. त्याच संध्याकाळपासून त्यांनी ही गोष्ट गल्लीभर सांगायला सुरुवात केली. दवाखान्याच्या क्लार्कनं माह्या बायकोले कंडक्टर केलं, पोरीले कंडक्टर केलं. डेपोत सांगितली, पानठेल्यावर सांगितली. लोक पोट धरून हसत. वंदनाला मैत्रिणी 'लेडी कंडक्टर' म्हणू लागल्या आणि तीही खुशाल मानेला झटका देऊन "पुढं सरका" म्हणायची. जो माणूस दुसऱ्याच्या गोष्टीवर तिकीट मागायचा, तो स्वतःची गोष्ट इतकी वाटत का सुटला, हे मला कळेना. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

वंदना बारावी झाली, शिवणकाम शिकली, आणि तिला अल्लीपूरचं स्थळ आलं. गिरजाबाईंच्या माहेरच्या लांबच्या नात्यातला मुलगा, संजय उईके. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्याचं छोटं दुकान होतं. मुलगा शांत, निर्व्यसनी. मला त्याच्यात नाव ठेवायला जागा सापडेना. मी मडावींना भिंतीशी गाठून म्हटलं, "मुलाचं रक्त आधी तपासा."

"बोलतो."

"बोलतो नाही, आणा त्याला. मी स्वतः तपासते."

"ताई, पोरीच्या बापानं रक्त मागितलं का लोकं दुसरंच समजतेत. पण बोलतो म्या."

बैठक त्यांच्याच घरी झाली, आणि पाहुणे गेल्यावर मडावी पहिल्यांदा आपणहून आमच्या घरात येऊन बसले. "सांगितलं," म्हणाले. "भर बैठकीत उभं राहून सांगितलं, माही पोरगी वाहक हाय म्हणून. कोणी हू का चू केलं नाई. उलट खुश झाले. गूळ वाटला." मी चहा ठेवला. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मुलीच्या बापानं असं चारचौघांत बोलायला छातीच लागते. खुश झाले, हे मात्र मला जरा खटकलं. वंदनाला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबांनी सांगितलं ना त्याइले. त्याइची काई हरकत नाई." ती तर बैठकीच्या वेळी आत स्वयंपाकघरात होती. मुलाच्या तपासणीचं विचारलं की उत्तर येई, करते म्हणाले. पत्रिका छापून आली, मांडव पडला, लग्न झालं. मी साडीचोळी घेऊन गेले आणि पोटभर जेवून आले.

लग्नानंतर काही महिन्यांनी संजयची आई शेवंताबाई बोरगावात आल्या. घरात कोणी नव्हतं म्हणून माझ्या ओट्यावर बसल्या. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी आवाज खाली केला.

"बाई, तुमी सरकारी कामातल्या. पोरीची ऑर्डर कवा निंगते?"

"कसली ऑर्डर?"

"कंडक्टरीची. इहीबुवानं बैठकीत सांगितलं ना, पोरगी वाहक हाय म्हणून. आता बायाइलेबी घेऊन राह्यले म्हणते एसटीत. आमी म्हटलं बाप डेपोत हाय, त्यानं लावली असन."

गूळ कशाबद्दल वाटला होता ते मला तेव्हा कळलं.

मडावी ड्युटीवरून आले तेव्हा मी भिंतीशीच उभी होते. मी काही विचारायच्या आत त्यांना कळलं. "मी खोटं बोललो नाई," ते म्हणाले.

"नाही बोललात. त्यांनी चुकीचं ऐकलं आणि तुम्ही ते ऐकू दिलंत."

"त्याइनं इचारलं नाई."

"तुमच्या गाडीत कोणी असं बसलं असतं तर तुम्ही त्याला मधल्या रस्त्यात उतरवलं असतं, मडावीभाऊ."

ते वळले. टाक्याशी जाऊन हातपाय धुवायला लागले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो राग अजूनही थोडा शिल्लक आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना निक्षून सांगितलं, की तुम्ही बोलला नाहीत तर मी वंदनाला सगळं सांगणार. मग ते अल्लीपूरला गेले. बोलले. पण आता त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? शेवंताबाईंना वाटलं, नोकरी लागत नाही म्हणून या माणसानं रक्ताची भानगड काढली. त्या म्हणाल्या, "आता माह्या पोराच्या अंगातली खोट काढाले निंगाले." संजयला त्यांनी तपासणीला येऊ दिलं नाही. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं उलटसुलट करून पाहिलं, त्याच्या एकुलत्या एका खऱ्या बोलण्यालाच आता लोक तिकीट मागत होते.

वंदनाला मुलगी झाली. रोशनी. गोरीगोमटी, गुटगुटीत. सगळे म्हणाले, बघा, काही नाही. वंदना माहेरी आली की मडावी नातीला मांडीवर घ्यायचे आणि आधी तिच्या मुठी उघडून बघायचे. मी ते भिंतीपलीकडून पाहत असे. मुलगी रांगायला लागली, आणि एका दुपारी मडावी तिला कडेवर घेऊन आमच्या दारात आले. पायात चपला नव्हत्या.

"ताई, राजूचे हात असेच सुजले होते."

तिचे पंजे फुगून चकचकीत झाले होते. बोट लावलं की ती किंचाळत होती. मी तिला घेऊन ऑटोतून दवाखान्यात गेले. मडावी शेजारी बसले होते, आणि त्या अर्ध्या तासात जे बोलले ते त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

"मले समजलं होतं, ताई. पह्यल्याच दिवशी. तुमी सांगितलं तवाच."

मी म्हटलं, "मला संशय होताच."

"लग्न मोडन म्हणून नाई बोललो, ते खरं हाय. पण तेवढंच नाई." ते बाहेर रस्त्याकडे बघत होते. "तुमचा कागद खरा मानला असता, तर राजूले म्या अन् गिरजीनंच दिलं असं झालं असतं. आमी डॉक्टराइले शिव्या देत होतो इतके वर्स. मंग म्या म्हटलं, क्लार्क चुकला. हसलो. लोकाइले हसवलं. हसता हसता मलेबी खरं वाटाले लागलं."

मला त्या क्षणी त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. पोरगी रडत होती आणि ते तिच्या पंज्यांवर हळूहळू फुंकर घालत होते. मी ऑटोवाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

रोशनीच्या रक्तात दोष दोन्हीकडून आला होता. संजयचं रक्त त्याच दिवशी घेतलं. तो वाहक निघाला. प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर सासरा आणि जावई बसले होते. मी कागद दिला तेव्हा मडावींनी तो वाचलाच नाही, जावयाकडे सरकवला. संजय फार बोलणारा मुलगा नव्हता. घडी घालून कागद खिशात ठेवत म्हणाला, "मामाजी, म्या नाई म्हटलं नसतं. वंदनाले नाई म्हटलं नसतं. पण लग्नाआधी मले इचारलं त असतं." त्यावर मडावी काही बोलले असतील तर मी ऐकलं नाही. मी आत निघून गेले होते.

शेवंताबाईंनी त्यानंतर कित्येक वर्षं बोरगावच्या घरात पाऊल टाकलं नाही. सुनेला त्यांनी वाईट वागवलं नाही, पण व्याह्याचं नाव घेतलं की तोंड फिरवत. स्वतःचं रक्त तपासायलाही त्यांनी नकार दिला. म्हणायच्या, तो माणूस तपासणीच्या नावावर काय लिहून घेईल, सांगता येत नाही.

रोशनीला दवाखान्यात आणण्याचं काम मडावींनी स्वतःकडे घेतलं. अल्लीपूरच्या गाडीवर ड्युटी मागून घेतली. ती समोरच्या सीटवर खिडकीशी बसे, आणि थंडी असो नसो, तिच्या अंगावर स्वेटर असे, कारण गारवा लागला की दुखणं उठतं. तिच्यासाठी पाण्याची बाटली ते स्वतः भरत आणि गाडी थांबेल तिथे तिला प्यायला लावत. घंटीची दोरी ओढायचा मान तिचा. मागच्या सीटवरच्या पोरांनी त्यावरून दंगा केला तर मडावी त्यांचे पास पुन्हा तपासत.

पुढे या आजारावर नव्यानं कॅप्सूल द्यायला सुरुवात झाली. शाळेत जाणाऱ्या रोशनीला ती सुरू करायचं ठरलं, आणि मडावी कॅप्सूलवर संशय घेऊन बसले. दुखते हाडात अन् औषध पोटात, ते तिथवर जाते कसं? दुसऱ्या आठवड्याला ते दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या खिशात एक कॅप्सूल फोडून कागदात बांधलेली होती. आत काय आहे ते त्यांना बघायचं होतं. "पांढरी भुकटी हाय नुसती," म्हणाले. आमचे तरुण डॉक्टर हे बघून उडालेच. हे औषध जहाल आहे, असं उघडं हातात घ्यायचं नसतं, म्हणून त्यांनी मडावींना आधी हात धुवायला पाठवलं. मडावी हात पुसत परत आले आणि खुर्चीच्या कडेला बसले.

"पोरीले गुण येईन ना, साहेब?"

डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांना येतो. दुखण्याच्या खेपा कमी होतात. हिला किती येईल, मला आज सांगता येणार नाही. दर महिन्याला रक्त बघू. पेशी फार कमी झाल्या तर थांबवू. आजार मुळातून जाणार नाही."

मडावींनी डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत निरखलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "द्या औषध. हा माणूस खात्रीनं नाई बोलून राह्यला. ह्याच्यापाशी तिकीट हाय." त्यानंतर त्यांनी एकही कॅप्सूल फोडली नाही. रोशनीनं गिळली की तिला तोंड उघडायला लावून जिभेखाली मात्र बघत.

तिला गुण आला. पूर्ण नाही, पण आला. शाळा बुडायची तेवढी बुडेना. मडावी निवृत्त झाले आणि लेकीजवळ असावं म्हणून अल्लीपूरला भाड्यानं खोली घेऊन राहिले. आमच्या भिंतीपलीकडे दुसरे लोक आले. तेही चांगले आहेत, पण त्यांना काहीही सांगितलं तरी पटतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अल्लीपूरच्याच शिबिरात. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, सुया होत्या, शिश्या होत्या, आणि लोक दारापाशी घोळका करून उभे होते. लग्नाची पोरं होती, पोरी होत्या, त्यांच्या आया होत्या. आत कोणी येईना. प्रत्येकाला दुसरा काय बघेल याची धास्ती. घोळक्यात मागे शेवंताबाईही होत्या, पदर दातात धरून. आम्ही कंटाळून टेबलावर बोटं वाजवत बसलो होतो.

तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला. "चला, पुढं सरका. दारात उभं राहू नका. मांगची माणसं पुढं येऊ द्या."

मडावी आत आले. अंगात साधा पांढरा सदरा, केस पार पांढरे, हात धरून रोशनी. आणि सदऱ्यावर, छातीवर, तो पितळी बिल्ला. निवृत्त झाल्यावर बिल्ला जमा करावा लागतो की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे तो कसा राहिला याबद्दल मी अजून साशंक आहे.

घोळक्यातून एक जण म्हणाला, "काऊन कंडक्टरबुवा, रिटायर झालते ना तुमी? आता बिल्ला कायले?"

"वाहक हावो म्हणून," मडावी म्हणाले.

लोक हसले. मडावी हसले नाहीत. "हसू नका. ते हसणं म्याच चालू केलं होतं. वाहक म्हंजे कंडक्टर, तो मी होतो, ती नोकरी संपली. वाहक म्हंजे ज्याच्या रक्तात सिकलची खोट हाय, तोबी मी हावो. हे संपत नाई. माही बायको वाहक हाय. माही पोरगी वाहक हाय." त्यांनी रोशनीच्या डोक्यावर हात ठेवला. मग मान वर केली आणि घोळक्याच्या मागच्या टोकाकडे बघितलं. "अन् ज्या बैठकीत हे सांगाले पाह्यजे होतं, तेथी म्या अर्धंच सांगितलं. अर्धं दाबून ठेवलं. इहीनबाई, तुमाले फसवलं म्या."

शेवंताबाईंनी तोंडातला पदर सोडला. मला वाटलं, आता या निघून जाणार. त्या लोकांतून वाट काढत पुढे आल्या, मडावींकडे न बघता माझ्या टेबलासमोर बसल्या आणि हात पुढे केला.

"सुई नवी हाय काय?" त्यांनी विचारलं.

"नवी आहे."

"माह्यासमोर फोडा. अन् शिशी बदलणार नाई कायवरून?"

मी काही बोलायच्या आत मडावी वाकले. त्यांनी माझ्या हातातली नावाची चिठ्ठी घेतली, सदऱ्याच्या खिशातून पंच काढला, कोपऱ्यात टिक करून भोक पाडलं आणि चिठ्ठी विहिणीसमोर धरली. शेवंताबाईंनी ती उजेडात धरून भोकातून आरपार बघितलं, दोनदा उलटी करून पाहिली, आणि मग माझ्याकडे दिली. त्यांच्यामागे रांग लागायला सुरुवात झाली होती. मडावी दारात जाऊन उभे राहिले होते, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या आधी हाताकडे बघत होते, मग तोंडाकडे.